भाऊ-वहिनी ऊसतोडीला चाललेत, नववीतल्या भाचीला मागे कुठे ठेवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी चिंचवडला असते, माहेर बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यात. दादा-वहिनी दरवर्षी दसरा झाला की कोयत्यावर जातात, यंदा कोल्हापूरकडच्या कारखान्याला. मुकादमाची उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) पावसाळ्याआधीच घेतली, ती आईच्या दवाखान्यात आणि पेरणीत संपलीसुद्धा. आता जाणं भागच आहे, थेट पाडव्याच्या सुमाराला परत.

गावातली जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत. तिथे हंगामी वसतिगृह होतं. नावाला वसतिगृह, खरं म्हणजे शाळेत दोन वेळचं जेवण मिळायचं आणि पोरं झोपायला आपापल्या आजीकडे. तरी त्या जेवणावर भाचीची शाळा टिकली. आता हायस्कूल चारेक किलोमीटरवर. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली सायकल मिळाली आहे, एसटीचा पासही मुलींना फुकट आहे. दिवसाची अडचण नाहीच. आईला धड दिसत नाही, घर वस्तीच्या टोकाला. दादा म्हणतो, "रातच्याला काही वाईटवंगाळ झालं तर? कुणाच्या भरवशावर ठिवू?"

म्हणून त्याच्यापुढे दोनच वाटा. एक तर पोरीला फडावर (ऊसतोडीच्या शेतावर) न्यायचं, म्हणजे कोपीवर, तिथल्या झोपडीत, भाकरी थापायच्या, धाकट्याला सांभाळायचं, जमेल तशा मोळ्या वाहायच्या. नाहीतर दिवाळीनंतर लग्न उरकायचं. एक स्थळ येऊनही गेलं. मुकादम पूर्ण कोयता धरतो तो नवरा-बायकोच्या जोडीचा, त्यामुळे मुलाकडच्यांनाही घाई. पोर पंधरा वर्षांची आहे हो! लगेच 'अडाणी बाप' असे प्रतिसाद येतील म्हणून आधीच सांगते, दादाला शिक्षणाचं वावडं नाही. तिचा आठवीचा निकाल त्याने मुकादमालाही मोबाईलवर दाखवला होता.

मला विचारायचं आहे ते असं. ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी सरकारी वसतिगृहं निघालीत म्हणतात, तिथे वर्ष सुरू झाल्यावर प्रवेश मिळेल का? की मी तिला इकडे आणावं? मिस्टर तयार आहेत, सासूबाईंची कुरकुर आहे, आणि खोली एकच. नववीत मध्येच शाळा बदलता येते का? कुणी म्हणालं, सोडून दे, पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दे म्हणावं. हे कितपत खरं?

— चिंचवडची आत्या

गुरुजी_बालाघाट: ताई, मी याच पट्ट्यात शिकवतो. तुम्ही म्हणता ती संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना, 2021 मध्ये जाहीर झाली. मुलांचं आणि मुलींचं वेगळं वसतिगृह, बरीचशी भाड्याच्या इमारतीत. जागा रिकामी असेल तर मध्येही घेतात, पण फोनवर विचारू नका, 'भरलंय' एवढंच ऐकू येईल. भावाला निघायच्या आधी घेऊन समाजकल्याणच्या कार्यालयात जा. ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र ग्रामसेवकाकडून लागतं, ते आजच मागा. एकदा टोळी गेली की सह्यांना माणूस सापडत नाही. तिथे नाहीच जमलं तर कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात चौकशी करा. ही शाळा मुळात सहावी ते आठवीची, पण काही ठिकाणी पुढच्या वर्गांच्या मुलींचीही राहण्याची सोय झाली आहे.

सतरा नंबरचं म्हणाल तर सोय चांगली आहे, पण ती शाळा सुटलेल्यांसाठी. शिकत्या पोरीची शाळा त्या भरवशावर सोडवू नका. फडावर संध्याकाळी पुस्तक उघडणारी पोर मी तरी पाहिली नाही.

उमा_पिंपरी: आत्याबाई, इकडे आणायची तर नववीतच आणा. दहावीत शाळा बदलणं फार किचकट होतं. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा आहे, दाखला नसला तरी शाळेला नाही म्हणता येत नाही. नववीला त्या कायद्याचं कवच नाही, मुख्याध्यापकांच्या मर्जीवर बरंच असतं. म्हणून दाखला, आधार आणि आठवीची गुणपत्रिका हातात ठेवूनच जा. महापालिकेच्या माध्यमिक शाळेत आधी विचारा. बोर्ड तेच, पुस्तकं तीच, त्यामुळे अभ्यासाचं फार अडणार नाही. सासूबाईंचं मात्र तुमचं तुम्ही बघा :)

रानजाई: लग्नाचं हलक्यात घेऊ नका. 2006 च्या कायद्याने अठराच्या आत मुलीचं लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्यात आईबापांबरोबर लग्न लावणाराही आला. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केलात तर नाव गुप्त राहतं.

चिंचवडची आत्या: रानजाई, नंबर लिहून ठेवला, पण सख्ख्या भावावर तक्रार करायला हात धजत नाही. तो वाईट नाही, घाबरलेला आहे. आधी रात्रीची सोय दाखवते, मग स्थळाचा विषय आपोआप मागे पडेल असं वाटतं. नाहीच पडला तर फोन करेन.

गुरुजी, रविवारी गावी निघते आणि सोमवारी दादाला घेऊन बीडला जाते. ओळखपत्राचं आत्ताच वहिनीला सांगितलं. एक राहिलंच. या वसतिगृहात कुणाची मुलगी राहत असेल तर कृपया सांगा, गृहपाल बाई रात्री तिथेच मुक्कामी असतात का? आणि मुलीला आठवड्यातून एकदा तरी आईशी फोनवर बोलू देतात का? दादा पहिलं हेच विचारणार.