प्रतिसाद: नुसतं प्रवचन पुरत नाही

"चर्चच्या पाळकांनी रक्तदाबावर दोनदा प्रवचन दिलं, तरी तपासणीला कुणी फिरकलं नाही, मग आरोग्याच्या सवयी बदलण्याच्या या थिअरींचा उपयोग काय?" असं वर विचारलंय. मला वाटतं, थिअरी अर्ध्यावरच सोडली गेली. प्रवचनाने धोका कळतो. पण 1977 मध्ये मानसशास्त्रज्ञ बंडुरा यांनी मांडलेली 'हे मला जमेल' ही खात्री बरीचशी आपल्यासारख्याच कुणाला तरी करताना पाहून येते. उपासना संपल्यावर दाराशीच तपासणीचं टेबल मांडा आणि गायनवृंदातल्या एखाद्या ज्येष्ठ बाईंना सगळ्यांदेखत पहिली बाही वर करू द्या.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या 'बॉडी अँड सोल' उपक्रमात फळं-भाज्या खाणं वाढावं म्हणून पाळकांच्या पाठिंब्याला सभासदांनीच सभासदांना केलेल्या फोनची जोड होती. फोनवर उपदेश करायचा नाही, समोरच्याचं स्वतःचं कारण त्याच्याच तोंडून काढायचं. (उपदेशाची सवय असलेल्यांना हे महाकठीण!)

आणि हो, तुमच्याकडे तपासणीचे आकडे कोण लिहून घेतं? शेजारच्या बाकावरचाच माणूस असेल, तर लोक न येण्याचं कारण कदाचित तेच असेल.