'सीन करून सोडलं'ला मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम:
किशोरवयीन मुलांसाठीच्या एका कथेचं भाषांतर करतेय. पंधरा वर्षांची मुलगी मैत्रिणीला इंग्रजीत सांगते, 'ही लेफ्ट मी ऑन रीड', म्हणजे मेसेज बघितल्याची खूण दिसली पण उत्तर आलं नाही, आणि पुढे नुसतं 'दोन दिवस!' मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं, 'त्यानं माझा मेसेज वाचून सोडून दिला. दोन दिवस!' संपादकांनी समासात शेरा मारला: 'अर्धाच वाचला का? फार लांब होता?' त्यांचं चूक नाही, मलाही आता तसंच ऐकू येतंय. मग 'दुर्लक्ष केलं' करून पाहिलं, तर ती मुलगी एकदम मुख्याध्यापिका वाटायला लागली. शिवाय दुर्लक्षात लक्ष नसतं. इथे लक्ष गेलेलं आहे, आणि ते गेल्याचं हिला दिसतंय. डंख तिथेच आहे. शुक्रवारी मजकूर द्यायचाय. सुचवा.

चालतंय की:
'सीन करून सोडलं.' संपला विषय. माझी भाची हेच म्हणते, तिच्या वर्गातली यच्चयावत पोरं हेच म्हणतात. पंधरा वर्षांच्या मुलीला शब्दकोश कशाला नेसवताय?

खोडरबर:
'सीन'चं एक त्रांगडं आहे. 'त्यानं सीन केला' म्हणजे चारचौघांत तमाशा केला. 'काय सीन आहे?' म्हणजे बेत काय. आता हा तिसरा आला, इंग्रजीतल्या 'बघितलं'वाला. 'त्यानं माझा मेसेज सीन केला' हे वाचून माझ्यासारखा माणूस पहिल्यांदा तमाशाच शोधतो.

गंमत अशी की तमाशातला सीन पुल्लिंगी नाम आहे, तर नव्या सीनला लिंगच नाही. मेसेज सीन केला, पोस्ट सीन केली, स्टेटस सीन केलं. क्रियापद समोरच्या नामाप्रमाणे बदलतं, सीन आपला जागचा हलत नाही. 'तो ग्रुपमधून लेफ्ट झाला' मधला 'लेफ्ट' ह्याच जातीचा. इंग्रजीचं तयार रूप उचलायचं, मागे करणे किंवा होणे जुंपायचं, की गाडी चालू. मुद्रितशोधक म्हणून मला त्रास होतो, पण रचना पक्की मराठी आहे हे कबूल करावं लागतं.

तिसरा कंस:
अर्धविराम, तुमची अडचण 'वाचून'ची नाही, 'सोडणे'ची आहे. मराठीत मुख्य क्रियापदाच्या शेपटीला लागणारं क्रियापद सगळा रंग बदलतं. वाचून काढलं: पहिल्यापासून शेवटपर्यंत, नेटानं. वाचून टाकलं: एकदाचं उरकलं. वाचून ठेवलं: पुढे उपयोगी पडेल म्हणून. वाचून दाखवलं: दुसऱ्यासाठी. वाचून घेतलं: स्वतःसाठी, बहुधा घाईत. ह्या रांगेत 'वाचून सोडलं' बसतच नाही. 'सोडणे' येतं ते 'हरवून सोडलं', 'भंडावून सोडलं' असं, आणि तिथे ते दुसऱ्याची पार दशा करतं.

आता उलट बाजूनं पाहा. 'सीन करून सोडलं' हे त्या रांगेत आयतं बसलं. मुलांनी कळत नकळत मराठीचा साचा वापरलाय. दशा झाली, फक्त मेसेजची नाही, पाठवणाऱ्याची.

चालतंय की:
बघा! मी दोन ओळींत सांगितलं तेच, पण व्याकरण लावून.

निर्मळवाणी:
साचा मराठी आणि त्यात ओतलेला ऐवज परका, ह्याचं कौतुक करायचं का? 'दिनांक' आणि 'महापौर' हे शब्द सावरकरांनी आणले तेव्हाही लोक हसले होते. आज 'महापौर' म्हणताना कोण हसतं? शिवाजी महाराजांच्या काळात कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला तो 'चालतंय की' म्हणून झाला नाही. माझी सूचना: 'दृष्टोपेक्षा'. दृष्ट अधिक उपेक्षा. पाहिलं आणि उपेक्षिलं, दोन्ही आलं. हवं तर 'पठितोपेक्षा'.

खोडरबर:
'तो माझी पठितोपेक्षा करतो.' दोन दिवस!

चालतंय की:
पंधरा वर्षांच्या तोंडी? तिला आधी दातांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागेल.

आणि राज्यव्यवहारकोशाचं म्हणाल तर तो झाल्यानंतरही अर्ज राहिला, दप्तर राहिलं, तारीख राहिली. तुमचा 'दिनांक' छापील फॉर्मवर असतो, बोलताना तुम्हीही 'आज तारीख किती?' असंच विचारता. पैज लावतो.

जुनी वही:
भांडण चालू द्या, तोवर मी एक जुना शब्द ठेवून जातो: पोच. पत्राची पोच, पैशांची पोच. 'पोच द्यावी' एवढ्या दोन शब्दांवर पूर्वी पत्र संपवता यायचं. त्याआधीची माणसं 'पत्र पाठविले ते पावले, मजकूर कळला' अशी सुरुवात करायची. म्हणजे उत्तराच्या पहिल्याच ओळीत पोच दिली जायची. पोच आणि उत्तर एकाच पाकिटात.

आता यंत्रानं पोच वेगळी काढली. माणसाला न विचारता परस्पर देऊन टाकते आणि उत्तर मागे राहतं. ताई, तुमच्या मुलीला झालंय ते एवढंच: पोच आली, पत्र आलं नाही. पोच शब्दाचा दुसरा अर्थही इथे नेमका लागू पडतो. 'त्याला काही पोच आहे का?' असं आपण ज्याला म्हणतो, तोच हा मुलगा.

अर्धविराम:
जुनी वही, हे फार आवडलं. 'पोच दिली पण पोच नाही.' पण पंधरा वर्षांची मुलगी 'पोच' म्हणेल का? माझ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, पोच म्हणजे लोकेशन का?

रात्रपाळी:
शब्दाआधी वस्तू तरी नीट बघा. तुम्ही सगळे 'वाचलं' म्हणताय. निळी खूण वाचल्याची नसते, चॅट उघडल्याची असते. व्हॉट्सॲपवर 2014 च्या नोव्हेंबरमध्ये हा निळा रंग आला आणि अशी ओरड झाली की काही दिवसांतच तो बंद करायची सोय द्यावी लागली. त्यातही मेख आहेच. स्वतःची खूण बंद केली की दुसऱ्याचीही दिसत नाही, आणि ग्रुपमध्ये ती बंद होतच नाही. शिवाय वरून डोकावणाऱ्या पट्टीत सगळा मजकूर वाचून घेतला तर खूण राखाडीच राहते. म्हणजे वाचूनही निळं नाही, आणि न वाचता निळं.

माझं स्वतःचं सांगतो. मी रात्रपाळी करून झोपलेलो. फोन उशाशी, चॅट उघडंच राहिलं होतं, झोपेत हात लागून पडदा उजळला असणार. धाकट्या भावाचा मेसेज आला आणि तत्क्षणी निळा झाला. भावाला पैशांची निकड होती. मी घोरत होतो, आणि तिकडे त्याच्या लेखी मी त्याच मिनिटाला वाचून गप्प बसलो होतो. दुपारी उठून फोन केला तर उचलेना. मग रात्री मीच चार मेसेज टाकले. त्यानं ते सकाळी निळे केले आणि उत्तर दिलं नाही. मुद्दाम. बरोबरी झाली म्हणे. पुढे तीन आठवडे आमचं बोलणं आईमार्फत चालायचं. ह्याला तुमचा कुठला शब्द लावू?

जुनी वही:
ह्याला जुनाच शब्द आहे: अबोला. अबोला धरायला दोन माणसं लागतात आणि दोघांनाही तो चालू असल्याचं ठाऊक असतं. घरातले तिसरे मध्यस्थी करतात. तुमच्या आईनं केली तशी.

ताईंच्या गोष्टीतल्या मुलीला तेसुद्धा सुख नाही. त्यानं अबोला धरलाय, विसरला, की फोन बहिणीच्या हातात आहे, काहीच कळत नाही. पूर्वी 'पत्र गहाळ झालं असेल' हे एक वाक्य किती नाती सांभाळायचं. लिहिणाऱ्याला मनाची समजूत घालता यायची आणि न लिहिणाऱ्याला खोटं बोलता यायचं. मी स्वतः एका मित्राला वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. भेटल्यावर तोच म्हणाला, टपालाचं काही खरं नाही बघ. मी मान डोलावली. त्याला खरं ठाऊक होतं, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. पण दोघांनी मिळून टपालावर ढकललं. आता ढकलायला कुणी नाही.

तिसरा कंस:
म्हणून 'ताटकळत ठेवलं' का नको? 'टांगून ठेवलं'? वाट पाहण्याची शिक्षा 'ठेवणे'त येते.

खोडरबर:
ताटकळत ठेवणाऱ्यानं बघितलंय की नाही, हे त्यात येत नाही. दाराबाहेर ताटकळणाऱ्याला आत कुणी आहे का हेही माहीत नसतं. इथे खिडकीचा पडदा हललेला दिसलाय.

मी म्हणेन, 'कानाडोळा केला'. बघूनही न बघितल्यासारखं करणं. शंभर टक्के हाच अर्थ, आणि मुलांनाही कळतो, व्याकरणाच्या पेपरात येतो.

निर्मळवाणी:
'काणाडोळा'. ण बाणातला. संस्कृतात काण म्हणजे एका डोळ्यानं आंधळा, त्यावरून काणा. एक डोळा मिटून घेणं म्हणजे काणाडोळा. कानाचा संबंध नाही. मुद्रितशोधकानं तरी हे लिहू नये.

खोडरबर:
व्युत्पत्ती मला माहीत आहे. रोज छापलं जातं ते 'कानाडोळा'. मी ण करून पाठवला की लेखक न करून परत पाठवतात. कानानं ऐकलं नाही, डोळ्यानं पाहिलं नाही, असा अर्थ लोकांनी लावून घेतलाय आणि तो चपखल बसतोय. लोकांनी चुकीच्या वाटेनं जाऊन बरोबर घर गाठलं असेल तर त्यांना परत फिरवायचं का?

निर्मळवाणी:
हो. शब्द ठरवून घडवता येतात आणि ठरवून सुधारताही येतात. इंग्रजीवालेही तेच करतात. समोरच्या माणसाकडे पाठ करून फोनमध्ये बघत बसण्याला 'फबिंग' म्हणतात, तो शब्द 2012 साली ऑस्ट्रेलियात मॅक्वारी शब्दकोशाच्या मोहिमेसाठी जाणत्यांना एकत्र बसवून घडवून घेतला. आपण बसलो की मात्र 'दातांचा डॉक्टर'!

चालतंय की:
त्याच ऑस्ट्रेलियात 2002 साली कुणीतरी इंटरनेटवर स्वतःचा ओठ फुटल्याचा फोटो टाकून त्याला सहज 'सेल्फी' म्हटलं. समिती नाही, मोहीम नाही. 2013 मध्ये ऑक्सफर्डनं तो वर्षाचा शब्द ठरवला. आता तुमच्या घरात विचारा, सेल्फी कुणाला कळतो आणि फबिंग कुणाला. फबिंगला आपल्याकडे 'फोनमध्ये तोंड खुपसून बसलाय' हे आहेच की. ते कुठल्या समितीनं केलं?

तिसरा कंस:
'सेल्फी कळतो' की 'कळते'? मी 'ती सेल्फी' म्हणतो.

चालतंय की:
तो सेल्फी. तो फोटो, म्हणून तो सेल्फी.

रात्रपाळी:
ती. ईकारान्त आहे. आमच्या कामावर सगळे 'ती' म्हणतात.

खोडरबर:
पाणी ईकारान्तच आहे, आणि हत्तीही. लिंगाचं भांडण इथे नको, त्याला वेगळा धागा काढा. 'रील'साठीही तिथेच या, ते मी तिन्ही लिंगांत छापलेलं पाहिलंय.

जुनी वही:
एक बारीकशी गोष्ट राहून गेली. 'फोन ठेवला' आपण अजून म्हणतो. ठेवायला आता काय असतं? बोट लावतो. 'फोन उचलेना' हेही वर रात्रपाळींनी लिहिलं, भाऊ तो हातात धरूनच बसला असेल. वस्तू गेली, क्रियापद राहिलं. तसं 'उत्तर दिलं नाही' हेच पुरे नाही का? दोनशे वर्षं पुरलंय.

अर्धविराम:
नाही पुरत, काका. 'त्यानं उत्तर दिलं नाही' म्हटलं तर कदाचित त्याला मिळालंच नसेल, ही पळवाट शिल्लक राहते. टपालाची पळवाट तुम्हीच सांगितलीत ना. तिच्या वाक्यात ती बुजवलेली आहे.

असो. आज शुक्रवार. मी शेवटी 'बघून गप्प बसला. दोन दिवस!' असं करून पाठवलं. रात्रपाळींच्या गोष्टीमुळे 'वाचून'चं 'बघून' केलं, आणि 'गप्प'मध्ये थोडा अबोलाही येतो. संपादकांनी तासाभरात बदलून परत पाठवलं: 'सीन करून सोडलं'. म्हणाले, त्यांच्या मुलानं सुचवलं. वर विचारलंय, 'सोडलं' की 'सोडला'?

चालतंय की:
मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?

तिसरा कंस:
मेसेज धरला तर 'सोडला'. मुलगी धरली तर 'मला सीन करून सोडलं'. दुसरं घ्या. सोडलंय तिलाच.

निर्मळवाणी:
निषेध नोंदवून ठेवतो. आणि 'काणाडोळा'चा निकाल लागलेला नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची 1857 ची आवृत्ती कुणाकडे आहे? काय दिलंय ते बघून सांगावं.

खोडरबर:
माझ्याकडे आहे, पण माळ्यावर. रविवारी काढतो.

निर्मळवाणी:
रविवार झाला.