'दाद मागणे' म्हणजे न्याय मागणेच का?

प्रश्न : जुळे सोलापुरात नागरिकशास्त्र शिकवते. परवा फळ्यावर लिहिलं, 'अन्याय झाल्यास नागरिक न्यायालयात दाद मागू शकतो.' एक मुलगी म्हणाली, "बाई, दाद तर गाणाऱ्याला देतात ना?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. दोन्ही दाद एकच का?

प्रतिसाद : शब्द एकच. फारसीत दाद म्हणजे न्याय. मराठीत मात्र तो पसरला : दाद मागतात, दाद लागते, मैफलीत दाद देतात, आणि हट्टी माणूस कुणाला दाद देत नाही. या सगळ्यांत मला एक धागा दिसतो, तो म्हणजे समोरच्यानं नीट ऐकून घेणं.

मी इथल्या कोर्टात वकिली करतो. एक मावशी पेन्शनच्या अर्जाच्या पोचपावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आल्या होत्या. सात पावत्या, प्रत्येकीवर आवक शिक्का, उत्तर एकाचंही नाही. "वकीलसाहेब, कुठंच दाद लागंना," म्हणाल्या. 'न्याय मिळेना' म्हणाल्या नाहीत, हे लक्षात घ्या. अर्ज नामंजूर झाला असता तरी त्यांना पुढं भांडता आलं असतं. नुसत्या गप्प बसण्याविरुद्ध काय करणार?

अशा वेळी संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. 'महादेश' नावाचा आदेश असतो. कोर्ट त्या कार्यालयाची खुर्ची स्वतः बळकावत नाही. कायद्यानं तुमच्यावर टाकलेलं काम करा, अमुक मुदतीत अर्जाचा निर्णय द्या, एवढं बजावतं. चांगल्या कारभारात कोर्टाची जागा मला इथं दिसते. काही निकालपत्रांत दादीऐवजी 'अनुतोष' लिहितात. त्या मावशींना तो शब्द कळला नसता.

आणखी एक. पूर्वी यासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या तिथं बसणाऱ्या खंडपीठाकडे, आपला जिल्हाही आहे. कोल्हापूरही जवळ नाही, पण पक्षकाराचा खर्च कमी झाला.

प्रतिसाद : 'ना दाद ना फिर्याद' हाही प्रयोग मुलांना सांगा. आणीबाणीत नेमकं तेच झालं. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवलं की स्थानबद्ध माणसाला देहोपस्थितीसाठी, म्हणजे 'मला कोर्टापुढं हजर करा आणि अटक कायदेशीर आहे का ते तपासा' अशी दाद मागायला, कोर्टात येता येणार नाही. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ देणाऱ्या कलम ३२ ला डॉ. आंबेडकरांनी संविधानाचा आत्मा म्हटलं होतं, ते का, हे त्या दिवशी कळलं. पुढं ४४व्या घटनादुरुस्तीनं जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क बजावण्याची वाट आणीबाणीतही बंद करता येणार नाही असं झालं. त्यासाठी देशाला फार मोठी किंमत द्यावी लागली.

मूळ प्रश्नकर्ती : आभार. सोमवारी फळ्यावर आधी 'दाद लागणे' लिहीन, 'दाद मागणे' नंतर. आणि त्या सात पावत्यांची गोष्ट सांगेन. मावशींना पेन्शन सुरू झाली का?

प्रतिसाद : झाली, थकबाकीसह. पिशवी अजून माझ्याकडेच आहे.