वसंतातील फुले पाहण्यासाठी नाशिकजवळ कोणते रान आणि कोणती जुनी बाग?

प्रश्न : इंदिरानगरवासी

सर्वांना नमस्कार. माझी धाकटी बहीण गेली सहा वर्षे इंग्लंडमध्ये राहते आणि दर एप्रिलअखेरीस ती तिकडच्या रानांची छायाचित्रे आवर्जून पाठवते. लंडनच्या क्यू उद्यानात राणी शार्लटच्या जुन्या कुटीभोवती ब्लूबेल नावाची निळी फुले जमिनीलगत इतकी दाट उमलतात की, झाडांच्या बुंध्यांमध्ये निळे पाणी साचले आहे असा भास होतो. यंदा ती फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकला येणार असून एप्रिलच्या मध्यापर्यंत राहणार आहे. ‘तुझा वसंत मी सहा वर्षे फोनवर पाहिला, आता आपला वसंत तुला दाखवते’ असे मी तिला मोठ्या हौसेने कळवले. परंतु प्रत्यक्ष ठिकाणे ठरवायला बसले तेव्हा मला फक्त उन्हाळा आठवला, वसंत आठवेना.

आमच्याबरोबर चौऱ्याहत्तर वर्षांची आई असेल, जिला गुडघ्यांमुळे चढण जमत नाही, आणि सहावीत शिकणारी मुलगी असेल. गाडी घरची आहे. कोणत्या आठवड्यात कोणत्या रस्त्याने जावे, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे. आणखी एक शंका आहे. नाशिकला एके काळी गुलशनाबाद म्हणत असत, तर त्या काळातील एखादी बाग पाहायला मिळते का?

उत्तर : पेठरस्ता

ताई, माझी बावीस वर्षांची नोकरी पेठ तालुक्यातील शाळांमध्ये झाली आणि त्यातील बराच काळ मी नाशिकहून रोज ये-जा करीत असे, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. आपल्या बहिणीला आधी एक गोष्ट सांगून ठेवावी, म्हणजे तिची निराशा होणार नाही. इंग्लंडच्या रानात वसंत जमिनीवर येतो, आपल्याकडे तो झाडावर येतो. तिकडे ओक आणि बीच या झाडांना पालवी फुटून सावली दाट होण्याआधी जे काही आठवडे ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, तेवढ्यात ब्लूबेलचे कंद उमलून घेतात. आपल्याकडे माघ-फाल्गुनात झाडे पाने गाळतात, तेव्हा ऊन जमिनीवर भरपूर पडते. पण शेवटचा पाऊस ऑक्टोबरात होऊन गेलेला असल्याने मातीत ओल उरलेली नसते. जमिनीवरची फुलझाडे कंदांच्या रूपाने जूनची वाट पाहत निजलेली असतात. खोल मुळांच्या मोठ्या झाडांना मात्र खालचे पाणी मिळते, आणि आड येणारी पानेच नसल्याने त्यांची फुले पाखरांना लांबून दिसतात. शिवाय या फुलांचे बी पावसाच्या तोंडावर तयार होऊन पडते आणि पहिल्या सरींत रुजते. म्हणून मार्चमध्ये पायांखाली पाहत चालणाऱ्याला आपले रान मेलेले वाटते आणि मान वर करणाऱ्याला ते पेटलेले दिसते.

आता वेळेविषयी लिहितो, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. काटेसावर सर्वांत आधी फुलते. जानेवारीच्या अखेरीपासून तिची लाल, जाड पाकळ्यांची फुले दिसू लागतात. तिच्या पाठोपाठ पांगारा आणि पळस येतात. पळसाचा खरा बहर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत धरावा. पळस होळीला फुलतो असे आपण म्हणतो, पण होळी तिथीने येते आणि झाड सूर्याने चालते. 2024 मध्ये होळी 24 मार्चला होती, 2025 मध्ये ती 13 मार्चला आली, आणि पळसाला त्या अकरा दिवसांचे काहीही देणेघेणे नव्हते. मी स्वतः 2024 साली पाहुण्यांना घेऊन पाडव्याला, म्हणजे 9 एप्रिलला, सावळघाटात गेलो होतो. तेव्हा फांद्यांवर फक्त चपट्या हिरव्या शेंगा लोंबत होत्या आणि पाहुणे भर उन्हात मोठ्या आदबीने त्या शेंगांची छायाचित्रे काढत होते. ते मला अजून लागून राहिले आहे.

आपण मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेसहाला घर सोडावे, पेठ रस्त्याला लागावे आणि सावळघाट ओलांडून पेठपर्यंत जावे. अंतर सुमारे 50 किलोमीटर आहे. आईंना गाडीतून उतरावेसुद्धा लागणार नाही, इतकी झाडे रस्त्याच्या कडेने आणि बांधांवर आहेत. तरीही एखाद्या पळसाजवळ दहा मिनिटे गाडी बंद करून थांबावे. शिंजीर, साळुंकी, बुलबुल यांची मधासाठी जी झुंबड उडते, ती धावत्या गाडीतून दिसत नाही. मुलीच्या हातात खाली पडलेले फूल देऊन त्याचा बाक दाखवावा. पोपटाच्या चोचीसारख्या या आकारावरूनच संस्कृतात पळसाला किंशुक, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ असे नाव पडले आहे.

त्याच फेरीत दोन झाडे चुकवू नयेत. खडकाळ उतारावर एकही पान नसलेल्या, वेड्यावाकड्या झाडावर हळदी रंगाची मोठी फुले दिसली तर ती सोनसावर, जिला गणेर असेही म्हणतात. आणि दुरून लालभडक दिसणारे झाड जवळ गेल्यावर फुलांचे न निघता पानांचे निघाले, तर तो कुसुम. त्याची कोवळी पालवीच त्या रंगाची असते आणि पंधरा-वीस दिवसांत हिरवी होऊन जाते.

उत्तर : देवळालीकर

जुन्या बागेविषयीच्या शंकेपुरते लिहितो. मोगल अमदानीत नाशिकचे नाव गुलशनाबाद झाले आणि पेशव्यांच्या काळात जुने नाव परत आले, हे खरे आहे. परंतु त्या काळची म्हणून मुद्दाम जाऊन पाहावी अशी बाग शहरात माझ्या पाहण्यात नाही. झाडांचा आपल्याकडचा फार जुना पुरावा मात्र पांडवलेण्यात दगडावर कोरलेला आहे. क्षहरात घराण्यातील राजा नहपान याचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यातील लेखात आपली दाने नोंदवली असून त्यात 32 हजार नारळाच्या झाडांचे दान आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी एखाद्याने आपल्या पुण्यकर्मांत झाडांचा आकडा लिहून ठेवावा, याचे मला प्रत्येक वेळी नव्याने अप्रूप वाटते. आईंना पायऱ्या जमणार नाहीत. त्यांनी पायथ्याच्या नेहरू वनोद्यानात सावलीत बसावे आणि बाकीच्यांनी सकाळी आठच्या आत लेणी पाहून यावीत.

खरी ऐतिहासिक बाग पाहायची असेल तर मुंबईची राणीची बाग पाहावी. भायखळ्याची ही बाग 1860च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणून उभी राहिली आणि आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. लोक तिथे प्राणी पाहायला जातात आणि झाडांखालून मान खाली घालून निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथली उर्वशी फुलते. हे मूळचे ब्रह्मदेशातील झाड. त्याचे लाल-पिवळे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात आणि रानात ते आता अत्यंत दुर्मीळ झाले आहे. कैलासपतीची फुले थेट खोडावर येतात, तर गोरखचिंचेचा बुंधा पाहूनच मुलगी थक्क होईल. नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून लोकलने भायखळ्याला जावे. रस्ते सपाट आहेत, बसायला बाकही आहेत, आणि संध्याकाळी परत येता येते. फक्त बुधवारी बाग बंद असते, तो दिवस टाळावा.

बहीण रंगपंचमीला इथे असेल तर तिला जुन्या नाशकातल्या रहाडी अवश्य दाखवाव्यात. पेशवेकाळापासूनचे हे दगडी हौद वर्षातून त्या दिवशी उघडतात, आणि फुलांपासून रंग करण्याची जुनी रीत तिथे जपलेली आहे. पेठच्या रस्त्यावर पाहिलेली फुले आणि रहाडीतला रंग यांचे नाते तिला तिथे कळेल.

उत्तर : रानवाटा

पेठरस्ता यांच्या उत्तराशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. मात्र निळा रंग आपल्या वसंतात नाहीच, असा समज वाचणाऱ्याचा होऊ नये. घाटमाथ्यावरच्या सदाहरित रानात अंजनी नावाचे झाड असते. मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या फांद्यांवर गडद निळ्या-जांभळ्या फुलांचे बारीक गुच्छ थेट सालीला चिकटल्यासारखे येतात आणि त्यांचा सडा झाडाखाली पडतो. ब्लूबेल पाहिलेल्या डोळ्यांना ते निळे आवरण ओळखीचे वाटेल. भीमाशंकरच्या अभयारण्यात हे झाड विपुल आहे. तिथे मात्र एक मुक्काम धरूनच जावे लागेल.

त्र्यंबकजवळच्या अंजनेरी डोंगराविषयी कोणी सुचवण्याआधीच सांगतो की, अंजनेरीची ख्याती पावसाळ्यातील आहे. तिथले प्रसिद्ध कंदीलपुष्प, ज्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरीचे नाव आले आहे, ते मार्चमध्ये दिसणार नाही. त्या दिवसांत त्र्यंबकच्या डोंगरउतारांवर धायटीची लाल झुडपे मात्र फुललेली असतात.

एक विनंती आहे. इंग्लंडमध्ये ब्लूबेलच्या रानात पायवाट सोडू नका असे सांगतात, कारण पाने तुडवली गेली की कंदाला अन्न मिळत नाही आणि ती जागा पुढची अनेक वर्षे उघडी राहते. आपल्याकडे मार्चमध्ये धोका पायांपेक्षा आगीचा अधिक असतो. गळून पडलेला पाचोळा एका ठिणगीने पेटतो, म्हणून रानात चूल, शेगडी, सिगारेट यांपैकी काहीही नको.

इंदिरानगरवासी

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. पेठचा रस्ता 3 ते 8 मार्चच्या दरम्यान आणि राणीची बाग त्याच्या पुढच्या आठवड्यात, असे ठरवले आहे. आई म्हणते की तिच्या लहानपणी सुरगाण्याकडे मोहाची फुले वेचायला बायका पहाटे जात असत आणि ते तिला पुन्हा एकदा पाहायचे आहे. ते आता पाहायला मिळेल का, आणि अनोळखी लोकांनी तिथे जाणे योग्य होईल का?

पेठरस्ता

मिळेल. मोह मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत फुलतो, म्हणजे बहीण परत जाण्याआधी आपल्याला वेळ आहे. फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून गळू लागतात, त्यामुळे उजाडण्याच्या सुमारास तिथे पोहोचायला हवे. कोणता मोह कोणत्या घराने वेचायचा, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, आणि त्या टोपल्यांवर त्या घराचे दोन पैसे अवलंबून असतात. म्हणून आधी गावात ओळख काढून विचारावे, झाडाखालच्या फुलांवर पाय देऊ नये आणि विचारल्याशिवाय बायकांची छायाचित्रे काढू नयेत. आईंनी त्यांच्या लहानपणची आठवण सांगितली तर वेचणाऱ्या बायका त्यांना स्वतःहून जवळ बसवून घेतील. आदल्या रात्री सुरगाण्यातच मुक्काम करावा. नाशिकहून त्या वेळेला पोहोचायचे म्हटले तर आईंना मध्यरात्री उठावे लागेल.