उपयोगी साइट तुम्हाला सापडतात कुठून? (अनुभव धागा)

मूषकधारी:

एखादी कामाची साइट सापडली की पहिला प्रश्न पडतो, ही इतके दिवस होती कुठे? ती होतीच, आपल्याला तिथे नेणारी वाट नव्हती. पूर्वी निदान सूची असायच्या. याहूची डिरेक्टरी होती, स्वयंसेवकांनी हातानं लावलेली डीमॉझ होती. विषय, पोटविषय, त्याखाली निवडक साइट आणि प्रत्येकीचं ओळीभर वर्णन. याहूची सूची २०१४ च्या अखेरीस बंद झाली. १९९८ पासून चाललेली डीमॉझ मार्च २०१७ मध्ये मिटली. बटण दाबलं की कुठल्यातरी अनोळखी साइटवर नेऊन सोडणारं स्टंबलअपॉनही २०१८ मध्ये गेलं. उरलं सर्च इंजिन, पण ते काय शोधायचं हे आधीच ठाऊक असलेल्यांच्या कामाचं. आणि उरला सोशल मीडिया, त्याबद्दल न बोललेलं बरं.

म्हणून हा धागा. अट एकच, नुसती लिंकांची यादी टाकू नका. 'या पन्नास साइट माहीत हव्यातच' छापाच्या याद्या आपण सगळेच सेव्ह करतो आणि पुन्हा कुणी उघडत नाही. साइट तुमच्यापर्यंत आली कशी, टिकली का, आणि वेबचं तंत्र सारखं बदलत असताना तुम्ही त्याच्यामागे कुठवर जाता, ते लिहा. संगणकाच्या धंद्यातले नसाल तर जरा जास्तच लिहा.

सुरुवात माझ्यापासून. लेख उपयोगी निघाला की मी लिहिणाऱ्याकडे बघतो. हा कुणाला लिंक देतो, कुणाचं वाचतो? एकाच नावाकडे वेगवेगळ्या लोकांनी बोट दाखवलं की ते बुकमार्कमध्ये जातं. विकिपीडियाही मी असाच वाचतो, तळाकडून वर. संदर्भ आणि बाह्य दुवे आधी, लेख नंतर.

पानपलट्या:

आरएसएस, म्हणजे साइटवर नवं काही आलं की आपल्याला कळायची सोय. हसून घ्या आधी.

गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा आरएसएस मेलं म्हणून सगळ्यांनी हात झटकले. प्रत्यक्षात फक्त एक वाचक-अ‍ॅप बंद झालं होतं. १९९९ मध्ये आलेलं हे तंत्र अजून तसंच चालू आहे, पॉडकास्टचं बहुतेक वाटप त्याच्यावरच होतं. प्रकार अगदी साधा आहे. साइट आपल्या नव्या लेखांची नावं, तारखा आणि पत्ते एका फाइलमध्ये लिहून ठेवते, तिलाच फीड म्हणतात. तुमचं फीड रीडर ठरावीक वेळानं ती फाइल बघून येतं. मधे कुणी बसलेलं नाही, त्यामुळे तुम्हाला काय दाखवायचं हे दुसरं कुणी ठरवत नाही.

मात्र लोक एक गोष्ट उलटी करतात. दिवसाला चाळीस बातम्या टाकणाऱ्या साइट फीडमध्ये भरतात, आठवड्यात हजारभर न वाचलेल्या नोंदी साठल्या की कंटाळतात आणि 'आरएसएस जमत नाही' म्हणतात. अशा साइट तशाही समोर येतातच. फीड कामाचं असतं ते वर्षातून चारदाच लिहिणाऱ्या माणसासाठी. असा माणूस सोशल मीडियावर बुडतो, आणि मला तरी उत्तम साइट त्याच्याकडूनच कळतात. जो रोज लिहितो त्याला रोज काहीतरी नवं सापडलंच पाहिजे, ही त्याची अडचण, आपली नव्हे.

आणखी एक फायदा. सगळ्या फीडची यादी ओपीएमएल फाइल म्हणून बाहेर काढता येते आणि दुसऱ्या रीडरमध्ये घालता येते. अ‍ॅप बंद पडलं तर यादी घेऊन चालू लागायचं. मी अ‍ॅप दोनदा बदललं, यादी जुनीच.

कंसपूर्ण:

मी वेबची समोरची बाजू बांधणारा, म्हणजे फ्रंटएंडवाला. ट्रेंडशी जुळवून घेणं हा माझ्या पगाराचा भाग समजला जातो, म्हणून जरा सविस्तर.

आमच्याकडे नवं काही आलं की त्याचे दोन वाढदिवस असतात. पहिला घोषणेचा, तेव्हा गाजावाजा होतो. दुसरा सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये ते चालू लागतं तेव्हाचा, आणि तो कुणी साजरा करत नाही. सीएसएस ही पानाचं रूप ठरवणारी भाषा, तिच्यातला 'हॅज' हा सिलेक्टर, म्हणजे रूप कुणाला द्यायचं ते निवडणारा शब्द, घ्या. पोटात अमुक घटक (मूल) असलेला बाहेरचा घटक (पालक) निवडायची सोय लोक कित्येक वर्षं मागत होते. सफारीत ती मार्च २०२२ ला आली, क्रोममध्ये त्याच वर्षी ऑगस्टला, फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ ला. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या ब्राउझरमध्ये पावणेदोन वर्षांचं अंतर. मार्च २०२२ मध्ये त्यावर लेखांचा पाऊस पडला. डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे ती खरोखर वापरण्याजोगी झाली तेव्हा, कुणाचं लक्षही नव्हतं.

ग्रिडचं, म्हणजे पान आडव्या-उभ्या चौकटींत मांडायच्या सीएसएसमधल्या सोयीचं, उलट झालं. २०१७ च्या मार्चमध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारीत काही आठवड्यांच्या अंतरानं ते उतरलं. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररचं शेपूट तेवढं वळवळत राहिलं. त्याची ११ वी आवृत्ती निवृत्त झाली १५ जून २०२२ ला.

आता मी घोषणा वाचतच नाही म्हटलं तरी चालेल. 'कॅन आय यूज' या साइटवर कुठली सोय कुठल्या ब्राउझरच्या कितव्या आवृत्तीपासून चालते याचा तक्ता मिळतो. एमडीएन या वेब-तंत्राच्या संदर्भ-साइटवर बहुतेक पानांच्या माथ्यावर 'बेसलाइन'ची पट्टी असते. सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये सोय पोचली की 'नव्यानं उपलब्ध', आणि त्यानंतर ३० महिने उलटले की 'सर्रास उपलब्ध'. त्या दुसऱ्या शिक्क्यापर्यंत मी थांबतो. थांबल्यामुळे काही अडल्याचं आठवत नाही. ब्राउझर कंपन्या दरवर्षी 'इंटरऑप' नावाच्या उपक्रमात एकत्र बसून कुठल्या विसंगती आधी दूर करायच्या ते ठरवतात. पुढच्या वर्षी काय वापरता येईल याचा अंदाज त्या यादीवरून बांधता येतो, कुठल्याही भविष्यवेत्त्या लेखापेक्षा जास्त खात्रीनं.

फ्रेमवर्कबद्दल, म्हणजे साइट बांधायच्या तयार सांगाड्यांबद्दल, एवढंच. अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कचा अधिकृत आधार २०२१ च्या अखेरीस संपला. त्यावर लिहिलेले किती प्रकल्प पुन्हा लिहावे लागले असतील ते त्या त्या कंपनीलाच माहीत. उलट सर्न या संस्थेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या पहिल्यावहिल्या साइटची पानं आजच्या ब्राउझरमध्येही उघडतात, कारण ती साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान रचायच्या मूळ भाषेत, आहेत. नव्यानं शिकणाऱ्यांना मी एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट पक्कं करायला सांगतो. ऐकतात थोडेच, कारण नोकरीच्या जाहिरातीत फ्रेमवर्कचं नाव असतं. त्यांचंही खोटं नाही.

टिचकी:

कंसपूर्ण यांचं निम्मं डोक्यावरून गेलं, पण 'दुसऱ्या शिक्क्यापर्यंत थांबतो' हे पटलं. फोनचं अपडेट मी असंच घेते. (सुरक्षेचं असेल तर लगेच, इथे कुणी ओरडायच्या आत सांगून ठेवते.)

माझी भर छोटी आहे. सर्चच्या चौकटीत 'साइट' हे इंग्रजीत लिहून कोलन द्या, जागा न सोडता साइटचा पत्ता, मग शब्द. फक्त त्या साइटवरचंच येतं. अनेक साइटचा स्वतःचा शोध इतका भिकार असतो की हाच रस्ता बरा पडतो. तसंच 'फाइलटाइप' आणि पीडीएफ लिहिलं की अहवाल, माहितीपुस्तिका, प्रश्नपत्रिका वर येतात. आणि गूगलवर 'बिफोर' लिहून २०२२ सालची मर्यादा घातली, तर चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर येण्याआधीचं लेखन जास्त दिसतं. तारखा दरवेळी अचूक नसतात, पण एकाच साच्यातून काढलेल्या लेखांचा ढीग बराच कमी होतो.

उलटतपासणी:

मी ग्रंथालयात संदर्भ विभागात काम करते. वाचक मागतो ती माहिती मिळवून देणं हे काम, आणि ती सहा महिन्यांनीही तिथेच सापडली पाहिजे ही त्यातली खरी डोकेदुखी. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. उपयोगी साइट शोधण्याच्या गप्पा मारताना हा आकडा कुणी काढत नाही.

त्यामुळे माझ्यासाठी साइट सापडणं हे निम्मंच काम. एखादं पान कामाचं वाटलं की त्याचा पत्ता मी वेबॅक मशीनमध्ये टाकते. ते चालवणारी इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबच्या प्रती जपते आहे आणि २००१ पासून त्या कुणालाही बघता येतात. पान आधी साठवलेलं नसेल तर तिथलंच 'सेव्ह पेज नाऊ' वापरून साठवायला लावते. मूळ पान मेलं तरी प्रत राहते. नंतर वाचण्यासाठी लेख साठवणाऱ्या सेवांवर मात्र फार विसंबू नये. पॉकेट हे त्यातलं एक जुनं नाव, तेही ८ जुलै २०२५ ला बंद झालं.

वेबॅकचा दुसरा उपयोग मला जास्त आवडतो. साइट विश्वासाची आहे का हे ठरवायचं असेल तर तिची जुनी पानं उघडा. आज आरोग्यसल्ला देणारी साइट पाच वर्षांपूर्वी भलत्याच नावानं भलताच माल विकत होती असं निघतं. सोडून दिलेला पत्ता विकत घेऊन त्याच्या जुन्या प्रतिष्ठेवर दुकान मांडणारे पुष्कळ आहेत. 'आमच्याविषयी' हे पान काहीही सांगेल, जुन्या प्रती खोटं बोलत नाहीत.

अभ्यासकांसाठी जाता जाता: अनपेवॉल हे ब्राउझरचं एक्स्टेंशन. पैसे मागणाऱ्या शोधनिबंधाच्या पानावर असताना, तोच निबंध कुठे कायदेशीररीत्या मोफत ठेवलेला असेल तर ते दाखवतं. विद्यार्थ्यांना हे माहीत नसतं याचं मला दर वेळी नवल वाटतं.

अर्धविराम:

मला ट्रेंड नको आणि अ‍ॅपही नकोत. फोटो लहान करायचा, पीडीएफची पानं जोडायची, एवढीच माझी कामं. पण अशी कामं फुकट करून देणाऱ्या साइटवर ओळखपत्राची प्रत चढवायची म्हणजे ती कुणाच्या सर्व्हरवर जाऊन पडणार कोण जाणे. त्यावर एका सहकाऱ्यानं युक्ती सांगितली. साइट उघडा, पूर्ण लोड होऊ द्या, मग इंटरनेट बंद करा आणि काम करून बघा. झालं तर काम तुमच्याच यंत्रावर होतंय. अडकलं तर फाइल बहुधा बाहेर जात होती. स्कूशमध्ये चित्र असंच जागच्या जागी लहान होतं, चित्रं संपादित करायच्या फोटोपीतही फाइल आपल्याच ब्राउझरमध्ये उघडते.

हे आता एवढं सहज का होतं, हे त्याच सहकाऱ्यानं सांगितलं. वेबअसेंब्ली म्हणून काहीतरी आहे, २०१९ च्या डिसेंबरात ते वेबचं अधिकृत मानक झालं, आणि एरवी संगणकावर बसवाव्या लागणाऱ्या प्रोग्रामचा कोड त्यामुळे ब्राउझरमध्ये वेगानं चालतो. ट्रेंड मी पाळत नाही, पण तो माझं काम करून जातो म्हणा.

कंसपूर्ण:

अर्धविराम, युक्ती झकास, एक पुस्ती जोडतो. काही साइट नेट परत येताच अडलेली फाइल पाठवून देऊ शकतात. म्हणून काम झाल्यावर आधी टॅब बंद करा, मग नेट सुरू करा. आणि प्रायव्हेट विंडोत केलं तर उत्तमच.

चाचपडी:

मी स्क्रीनरीडर वापरतो, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम. एनव्हीडीए, मोफत आणि मुक्त. इथे वर ज्यांना उपयोगी साइट म्हटलंय त्यातल्या काही माझ्यासाठी बंद दार आहेत.

नवी साइट मी कशी पारखतो? माउस सोडा आणि टॅबची कळ दाबत जा. आपण कुठे आहोत ते कळतंय का? सगळ्या बटणांपर्यंत पोचता येतं का? उघडलेल्या खिडकीतून एस्केपनं बाहेर पडता येतं का? मग एच ही कळ. स्क्रीनरीडरमध्ये तिनं एका शीर्षकावरून पुढच्यावर उडी मारता येते. शीर्षकं नुसतीच मोठ्या अक्षरांत रंगवलेली असतील, शीर्षक म्हणून लिहिलेली नसतील, तर उडी मारायला जागाच नसते. मग अख्खं पान पहिल्या ओळीपासून ऐकत बसायचं. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं यंत्रानं तपासते. २०२५ च्या तपासणीत त्यातल्या ९४.८ टक्क्यांवर सुगम्यतेच्या मानकांचा भंग सापडला. त्यांचंच 'वेव्ह' हे साधन कुठल्याही पानावर चालवून दोष बघता येतात.

त्यामुळे ट्रेंड मला वेगळ्या बाजूनं कळतात. संपतच नाही असं स्क्रोल आलं तेव्हा तळटीपेतल्या संपर्काच्या लिंकपर्यंत पोचणं अशक्य झालं. डोळस लोकांनाही तो त्रास आहेच, पण तुम्ही निदान ती लिंक पळताना बघता. उलट काही बदल फार सुखाचे. उघडणाऱ्या खिडकीसाठी एचटीएमएलमध्येच 'डायलॉग' नावाचा घटक आहे. मार्च २०२२ पासून तो सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये चालतो. नीट वापरला तर फोकस (कळफलक सध्या कुठे आहे ते), एस्केप, मागचं पान अडवणं, हे ब्राउझरच सांभाळतो. पूर्वी प्रत्येक जण ही खिडकी स्वतः घडवायचा आणि प्रत्येकाची वेगळीच मोडायची. कंसपूर्ण, तुमच्या धंद्यातल्यांना हे सांगा.

चांगल्या साइट मला कळतात त्या इतर स्क्रीनरीडर वापरणाऱ्यांच्या ईमेल यादीतून. सर्चमध्ये 'ही साइट वाचता येते' असा शिक्का नसतो.

कंसपूर्ण:

सांगतो. आमच्या तपासणीच्या यादीत टॅबची कळ आहे, एचची नव्हती. आजपासून आहे.

मूषकधारी:

एआयबद्दल अजून कुणी बोललं नाही. मी वापरतो, पण साइट विचारायला नाही. न असलेल्या साइटचा पत्ता तो इतक्या आत्मविश्वासानं देतो की आपणच टायपिंगची चूक शोधत बसतो. मी त्याला शब्द विचारतो. मला हवी असलेली गोष्ट चार वाक्यांत सांगायची आणि या विषयातले लोक हिला काय म्हणतात ते विचारायचं. तो पारिभाषिक शब्द हातात आला की सर्च इंजिन अचानक शहाणं होतं.

शब्द मिळाल्यावर तो मार्जिनेलियावरही टाकून बघा. छोट्या, मजकूरप्रधान, हौसेनं चालवलेल्या साइटना झुकतं माप देणारं ते सर्च इंजिन आहे. हवामानाची बातमी तिथे शोधू नका. पण एखाद्यानं पंधरा वर्षं जुन्या घड्याळांच्या दुरुस्तीच्या नोंदी ठेवल्या असतील, तर त्या तिथे मिळण्याची शक्यता जास्त.

टिचकी:

पानपलट्या, साइटवर आरएसएसचं केशरी चिन्ह दिसत नसेल तर फीड मिळवायचं कसं?

पानपलट्या:

बहुतेक वेळा फीड असतं, फक्त चिन्ह काढून टाकलेलं असतं. आधी साइटचा मूळ पत्ता तसाच रीडरमध्ये टाका, बरेच रीडर फीड आपोआप हुडकतात. नाही जमलं तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन 'फीड' लिहून बघा, वर्डप्रेसवर चालणाऱ्या साइटवर ते बहुधा तिथेच सापडतं. तेही नाही, तर पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडून त्यात आरएसएस ही तीन अक्षरं शोधा, नाहीतर अ‍ॅटम हा शब्द, तो फीडचाच दुसरा प्रकार. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेललाही फीड आहे, तिथे चिन्ह कुठेच दिसत नाही. एवढं करूनही हाती काही लागलं नाही तर साइटवाल्याला ईमेल करा. हौशी लोक सहसा चालू करून देतात, कुणीतरी वाचतंय याचाच त्यांना आनंद असतो.