ईसीजी काढाच, पण आधी मनगट धरा

साठी उलटली की वर्षाला ईसीजी काढाच, असं कुणी कुणी सांगतात. काढा की, पण त्या पट्टीवर हृदयाच्या ठोक्यांची नोंद जेमतेम १० सेकंदांची. अधूनमधून बिघडणारा ताल नेमका तेव्हाच सापडेल कशावरनं? वडिलांचा ईसीजी चैत्रात नॉर्मल होता, श्रावणात रंकाळ्याला अर्धी फेरी झाली की कठड्यावर बसायचे, "वय झालं की रं." घरच्या बीपी मशीनवर नाडी रोज ७४. सरासरीच ती, ताल कुठला कळतोय!

राजारामपुरीतल्या आमच्या डॉक्टरांनी घड्याळाकडं बघत मिनिटभर मनगट धरून ठेवलं. दोन ठोके घाईत, मग एक गायब. लगेच ईसीजी: एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडून ठोके वेडेवाकडे पडणं. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांतही ६५ नंतर दवाखान्यात आलेल्याची नाडी बघा असंच आहे. आता गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, आणि दाढी करताना जरा कापलं तरी आई घर डोक्यावर घेते.