पगच्या ऑपरेशनला एवढी इंजेक्शनं कशाला?

चिंगीचा_दादा:
आमची चिंगी, पग जातीची कुत्री, साडेपाच वर्षांची, वजन ९ किलो. गुरुवारी पिशवी काढायचंय. डॉक्टरांनी सांगितलं की आधी एक इंजेक्शन, मग झोपेचं दुसरं, मग नळी घालून गॅस, वर दुखण्याचं वेगळं, मी मोजली तर पाच-सहा औषधं झाली. आई म्हणते एवढ्याशा जिवाला एवढं, हार्टवर लोड येईल. दुसरीकडे एकाच इंजेक्शनात करतात, तेही निम्म्या पैशात. खरंच गरज असते का बिल फुगवतात?

खुरांचा_डॉक्टर:
दादा, उलटं आहे. एकाच औषधाने सगळं साधायचं तर त्याचा डोस वाढवावा लागतो आणि लोड येतो तो तिथेच. भूल म्हणजे नुसती झोप नाही, दुखणं कळू नये आणि अंग सैल पडावं हेही लागतं. प्रोपोफॉलने झोप छान लागते पण वेदना कमी होत नाहीत, नुसतं केटामाईन दिलं तर पाय ताठ, डोळे उघडे, लाळ गळते. म्हणून आधी बुटॉर्फेनॉल, मिडाझोलाम असलं काहीतरी देऊन शांत करायचं (यालाच प्रीमेड म्हणतात), मग प्रोपोफॉल थोडं थोडं, लागेल तेवढंच, आणि पुढे नळीतून आयसोफ्लुरेन, म्हणजे भुलीचा गॅस. आयसोफ्लुरेनने बीपी पडतं, ते जेवढं कमी लागेल तेवढं बरं, आणि प्रीमेड नीट बसलं तर कमीच लागतं. चीर देतात तिथे लिग्नोकेन (जागा बधिर करणारं) टोचलं की अजून कमी.

आता पगचं. नाक चेपलेलं, टाळू लांब, त्यामुळे गुंगी चढली की घसा बंद व्हायला वेळ लागत नाही. प्रीमेड दिल्यावर तिला पिंजऱ्यात एकटं टाकून कोणी जाऊ नये, नळी घालायच्या आधी पाच मिनिटं मास्कने ऑक्सिजन, आणि नळी काढायची ती चांगली शुद्धीवर येऊन गिळायला लागल्यावरच. एक इंजेक्शनवाल्यांना एवढंच विचारा, नळी घालता का आणि ऑक्सिजन आहे का.

मनीची_मावशी:
आमच्या मोत्याचं असंच स्वस्तात केलं होतं, नाव नाही घेत. संध्याकाळी घरी आणला तर थरथरतोय, रात्रभर विव्हळत होता, फोन केला तर म्हणे भूल उतरतेय. दुखण्याचं काही दिलंच नव्हतं हे दुसऱ्या दिवशी फाईल बघून कळलं. तेव्हा मी घरातली क्रोसिन (पॅरासिटामॉल) देणार होते, नशीब शेजारणीने अडवलं.

खुरांचा_डॉक्टर:
नशीबच म्हणायचं. कुत्र्याला माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका, आयब्युप्रोफेनने पोटात अल्सर होतात. आणि मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विषच, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. आम्ही दुखण्यावर बहुतेक मेलोक्सिकॅम देतो, तेही किडनीचा रिपोर्ट बघून.

गोठेवाला:
मग आमच्या गाईचं सिझर डॉक्टरांनी उभ्यानेच कसं केलं? ती मस्त चारा बघत उभी होती आणि इकडे कुशीतून वासरू बाहेर 😄

खुरांचा_डॉक्टर:
भाऊ, गाय आडवी पाडून पूर्ण भूल दिली की पोट फुगतं आणि कोठीतलं वर येऊन श्वासनळीत जायची भीती, म्हणून कूस बधिर करून उभ्याने. झायलाझिन, म्हणजे गुंगीचं औषध, ते पण गाईला जपून, घोड्याच्या साधारण दहावा हिस्साच पुरतो, घोड्याचा हिशोब लावला तर संपलंच.

चिंगीचा_दादा:
पटलं, आधीच्याच डॉक्टरांकडे जातो. उपाशी किती ठेवू? आणि ऑपरेशन चालू असताना लक्ष कसं ठेवतात?

खुरांचा_डॉक्टर:
पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला साधारण ६ ते ८ तास खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत चालतं, तरी तुमचे डॉक्टर सांगतील ते फायनल. लक्ष ठेवायला, कोविडमधे ऑक्सिजन बघायला बोटाला लावायचो ना तसलाच चिमटा जिभेला लावतात. आणि अंग गार पडतं, घरून जुनी चादर घेऊन जा. खरा धोका घरातच असतो बघा, सकाळी केविलवाणं तोंड बघून कोणीतरी बिस्कीट देतं आणि आम्हाला सांगत नाही, मग भुलीत उलटी झाली की ती फुप्फुसात.

चिंगीचा_दादा:
आजी 😅 बुधवारी रात्रीच पारले-जीचा डबा माझ्या कपाटात लॉक.